नानीच्या बोटावर ९७, तरी नानी उठेना

(ज्यांना ऐकायला वेळ होत नाही त्यांच्यासाठी, आणि घरच्यांना वाचून दाखवता यावं म्हणून या भागाचं हे लिखित रूप. बोलताना तेच तेच आलेलं काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

मी कर्जतहून बोलतोय. दर वेळी सांगावं लागतं म्हणून सांगतो, मुंबईच्या लोकलवालं कर्जत नाही. आपलं कर्जत नगर जिल्ह्यातलं. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं. गोदड महाराजांचं कर्जत, रेहेकुरीच्या काळविटांचं कर्जत.

आजचा भाग रक्तावर आहे. रक्त ऑक्सिजन वाहून नेतं हे चौथीतलं पोरगंही सांगतं. पण येताना ते कार्बन डायऑक्साइड घेऊन येतं, ते कसं, आणि एवढा आम्ल तयार करणारा माल वाहूनही रक्त आंबट कसं होत नाही, हे मी आज सांगणार आहे. मी डॉक्टर नाही. ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. बफर द्रावण म्हणजे काय हे मी बारावीच्या पोरांना कितीतरी वर्षं फळ्यावर शिकवत आलोय. आणि तरीही गेल्या हिवाळ्यात एका रात्री मी जे केलं, त्यामुळं आमच्या घरातलं एक माणूस जाता जाता राहिलं. म्हणून हा भाग.

त्या रात्री काय झालं

माझी चुलती, आम्ही सगळे तिला नानी म्हणतो. वय ६८. दहाएक वर्षांपासून दम लागतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा साधा दमा नाही, सीओपीडी आहे. फुप्फुसाच्या नळ्या कायमच्या अरुंद झाल्यात. नानीनं आयुष्यात विडी हातात धरली नाही. पण चाळीस वर्षं चुलीपुढं बसून भाकरी केल्या. तुराट्या, पळकाट्या, बाभळीचं लाकूड, पावसाळ्यात ओल्या गोवऱ्या. खोलीला खिडकी म्हणजे एक झरोका.

घरात ऑक्सिजनचं मशीन आहे, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत घेतलेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गरज पडली तर एक लिटरवर लावा, बोटावर नव्वदच्या आसपास आलं की पुरे. आम्ही ऐकलं आणि विसरलो. कारण कोरोनात आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एकच आकडा पक्का बसलाय, ९४. त्याच्या खाली गेलं की पळा.

डिसेंबरातली रात्र. नानीला सर्दी-खोकला झाला होता. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ८७. माझ्या पोटात गोळा आला. मशीन लावलं आणि नॉब फिरवला. एकावर नाही, पाचावर. नॉब मीच फिरवला. दहा मिनिटांत आकडा ९७. घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. नानीलाही झोप लागली. आम्ही म्हटलं, बरं झालं, कितीतरी दिवसांनी शांत झोपली.

सकाळी चहाला उठवायला गेलो तर उठेना. हलवलं की डोळे उघडायची, काहीतरी पुटपुटायची, परत झोपायची. हात पुढं धर म्हटलं तर पंजे फडफडत होते. ऑक्सिमीटर मात्र ९७ दाखवत होता. गाडीत घातलं आणि मिरजगावमार्गे नगर गाठलं.

तिथल्या डॉक्टरांनी मनगटाच्या धमनीतून रक्त घेतलं. थोड्या वेळात एक चिठ्ठी आली. आणि पहिलं काम त्यांनी काय केलं, तर ऑक्सिजन कमी केला. मी ओरडलोच, "अहो डॉक्टर, कमी काय करताय?" ते म्हणाले, "सर, ऑक्सिजन भरपूर आहे त्यांच्या अंगात. कार्बन डायऑक्साइड साचलाय. रक्त आंबट झालंय." मग तोंडावर घट्ट मास्क बसवून बायपॅप मशीन लावलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नानीनं चहा मागितला. घरी आल्यावर तिनं विचारलं, "आरं, ऑक्सिजन म्हंजी चांगला वारा ना? मग चांगल्या वाऱ्यानं मला गुंगी कशी आली?"

हा प्रश्न साधा नाही. उत्तर द्यायला रक्ताची सगळी गाडी उलगडून बघावी लागते.

रोज अर्धा किलोपेक्षा जास्त धूर

आपण भाकरी खातो. भाकरीतला कार्बन पेशींमध्ये ऑक्सिजनशी मिळून जळतो. ज्वाळा नाही, धग नाही, पण जळणंच ते. त्यातून शक्ती मिळते आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. चुलीला धुरांडं लागतं तसं शरीरालाही लागतं.

किती तयार होतो? मोठं माणूस नुसतं बसून असलं तरी मिनिटाला साधारण २०० मिलिलिटर. चोवीस तासांचा हिशोब करा, २८८ लिटर होतो. वजनात साडेपाचशे ग्रॅमच्या वर. शेतात राबणाऱ्याचा आणखी जास्त. हा सगळा माल पायाच्या बोटापासून मेंदूपर्यंत जिथं तिथं तयार होतो, आणि बाहेर पडायला दार एकच, फुप्फुस. मधली सगळी वाहतूक रक्तानं करायची.

आता अडचण कुठंय बघा. यात्रेत आपण गोटी सोडा पितो. त्या बाटलीत पाणी आणि दाबानं भरलेला कार्बन डायऑक्साइड असतो. हा वायू पाण्यात गेला की त्यातला थोडा पाण्याशी मिळून कार्बोनिक आम्ल तयार होतं. जिभेला चुरचुरतं ते त्यामुळंच. रक्तातही बहुतेक पाणीच आहे. मग एवढा वायू रक्तात सोडला तर रक्ताचाही गोटी सोडा व्हायला पाहिजे. होत का नाही?

आणि झाला तर बिघडलं कुठं? बिघडतं ते असं. आपल्या शरीरातलं प्रत्येक प्रथिन, हृदयाचं आकुंचन करणारं असो की अन्न पचवणारं, एका ठरावीक घडीत दुमडलेलं असतं. ती घडी टिकते त्याच्यावरच्या विद्युतभारामुळं. मोकळे हायड्रोजन आयन वाढले की ते प्रथिनाला चिकटतात, भार बदलतो, घडी बिघडते, काम बिघडतं. आम्ल म्हणजे दुसरं काही नाही, हे मोकळे हायड्रोजन आयनच.

म्हणून शरीर त्यांना फार थोडं मोकळं ठेवतं. एक लिटर रक्तद्रवात सोडियम १४० मिलिमोल असतं, आणि मोकळे हायड्रोजन आयन फक्त ४० नॅनोमोल. म्हणजे सोडियमचे ३५ लाख आयन असतील तेव्हा हा एक. पीएचच्या भाषेत ७.४. निरोगी माणसात ७.३५ ते ७.४५ एवढीच हद्द. पीएचमध्ये ०.३ चा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण ७.४ चं ७.१ झालं म्हणजे आम्लता दुप्पट झाली. ६.८ च्या खाली माणूस सहसा वाचत नाही.

तांबड्या पेशीच्या आत काय होतं

रक्त कार्बन डायऑक्साइड तीन तऱ्हांनी नेतं. दहा टक्क्यांच्या आत नुसता विरघळलेला, सोड्याच्या बाटलीतल्यासारखा. वीस टक्क्यांच्या आसपास थेट हिमोग्लोबिनला चिकटून. आणि राहिलेला, म्हणजे साधारण सत्तर टक्के, चक्क रूप बदलून.

रूप बदलतं ते तांबड्या पेशीच्या आत. वायू पेशीत शिरतो. तिथं कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं एक एन्झाइम बसलेलं असतं. केंब्रिजमध्ये मेल्ड्रम आणि रफटन यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ते शोधलं. हा गडी वायू आणि पाण्याची गाठ घालून देतो. त्याचा एक रेणू सेकंदाला दहा लाखांपर्यंत गाठी घालू शकतो. हा नसता तर हेच काम व्हायला कित्येक सेकंद लागले असते, आणि रक्त केशवाहिनीत थांबतं जेमतेम एक सेकंद. माल भरायच्या आत गाडी सुटली असती.

गाठ पडली की दोन तुकडे होतात. एक बायकार्बोनेट, दुसरा हायड्रोजन आयन. बायकार्बोनेट म्हणजे आपल्या ओळखीचाच. भज्यात चिमूटभर टाकतो तो खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. म्हणजे पेशींचा धूर रक्तात सोडा होऊन प्रवास करतो! सोडा निरुपद्रवी आहे, पाण्यात हवा तेवढा विरघळतो. तो पेशीतून बाहेर रक्तद्रवात जातो, आणि त्याच्या बदल्यात क्लोराइड आत येतं, म्हणजे विजेचा हिशोब जुळून राहतो.

राहिला तो हायड्रोजन आयन. खरी डोकेदुखी ती. प्रत्येक सोड्यामागं एक. त्याला मोकळा सोडला तर रक्त आंबट होणार.

इथं हिमोग्लोबिन पुढं येतं. आपण त्याला ऑक्सिजनचा हमाल समजतो, पण त्याचं दुसरं काम तेवढंच मोठं आहे. ऑक्सिजन उतरवून दिला की त्याचा आकार थोडा बदलतो, आणि रिकामं झालेलं हिमोग्लोबिन हायड्रोजन आयन धरून ठेवायला जास्त तयार होतं. कार्बन डायऑक्साइडही जास्त धरतं.

आपल्याकडच्या भाषेत सांगतो. उसाचा ट्रॅक्टर कारखान्यावर गेला. ऊस खाली केला आणि येताना त्याच ट्रॉलीत मळी भरून शेतात टाकायला आणली. जाताना भरलेला, येताना भरलेला. पण समजा कारखान्यावर ऊस उतरवूनच घेतला नाही, तर मळी भरणार कुठं? ट्रॉली एकच आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, नानीच्या गोष्टीत लागणार आहे.

फुप्फुसात पोचल्यावर सगळं उलटं होतं. ऑक्सिजन येऊन हिमोग्लोबिनवर बसतो, हायड्रोजन आयन सुटतात, ते परत सोड्याला भेटतात, तेच एन्झाइम आता उलटी गाठ सोडवतं, कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो आणि उच्छ्वासातून बाहेर. या सगळ्या व्यवस्थेचा परिणाम किती? धमनीतल्या रक्ताचा पीएच ७.४०, आणि शरीरभरचा माल गोळा करून आलेल्या शिरेतल्या रक्ताचा ७.३७ च्या आसपास. एवढा माल उचलूनही फरक पडला तो दुसऱ्या दशांशस्थळी.

बाप-लेक आणि नवसागर

ऑक्सिजन उतरवलेलं रक्त कार्बन डायऑक्साइड जास्त उचलतं, हे १९१४ साली क्रिस्टियान्सन, डग्लस आणि हॉल्डेन या तिघांनी मोजून दाखवलं. त्याला हॉल्डेन परिणाम म्हणतात. हे जॉन स्कॉट हॉल्डेन म्हणजे कोळशाच्या खाणीतल्या विषारी वायूंचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. १९०५ साली त्यांनी प्रीस्टलींबरोबर आणखी एक गोष्ट दाखवली होती. श्वास किती घ्यायचा हे साध्या दिवसांत ऑक्सिजन ठरवत नाही, कार्बन डायऑक्साइड ठरवतो. तो थोडा वाढला तरी मेंदू श्वास वाढवायला लावतो.

त्यांचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन बापापेक्षा वरचढ. १९२० च्या सुमारास त्यांनी स्वतःच्याच रक्ताची आम्लता बदलून बघितली. त्यासाठी घेतला अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर. भांड्यांना कल्हई करणारे वापरायचे तोच. शरीर त्यातल्या अमोनियाचा युरिया करतं आणि मागं आम्ल उरतं. परिणाम असा की काही दिवस त्यांना जरा हालचाल केली तरी धाप लागायची. फुप्फुसात काही बिघाड नव्हता. रक्तात आम्ल वाढलं म्हणून शरीर कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर टाकून तोल सावरत होतं. (घरी करून बघू नका, हे सांगायला लागू नये. तरी सांगतो.) हेच जे. बी. एस. पुढं १९५७ साली भारतात आले, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये काम केलं, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

या प्रयोगातून कळतं काय? रक्ताची आम्लता सांभाळायला हिमोग्लोबिनच्या मागं आणखी दोन राखणदार उभे आहेत.

दोन राखणदार

पहिला राखणदार फुप्फुस. श्वास वाढवला की कार्बन डायऑक्साइड कमी, श्वास मंदावला की जास्त. मिनिटांत काम करतो.

दुसरा राखणदार मूत्रपिंड, म्हणजे किडनी. ती लघवीतून आम्ल टाकते आणि सोडा राखते. हिचं काम सावकाश, पूर्ण जोर यायला तीन ते पाच दिवस लागतात. माल पण थोडा. फुप्फुस दिवसाला जेवढं आम्ल वायूच्या रूपानं बाहेर टाकतं, त्याच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी किडनी टाकते. पण नेटकी, आणि फुप्फुसाला न जमणारं काम तीच करते.

हे दोघं मिळून एक प्रमाण सांभाळतात. रक्तात सोडा वीस भाग आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड एक भाग असेल तर पीएच ७.४ येतो. प्रमाण वीसास एक. आकडे कितीही वाढोत, प्रमाण टिकलं की पीएच टिकला. बारावीच्या वर्गात हे मी हेंडरसन-हॅसेलबाल्कचं समीकरण म्हणून लिहून देतो आणि पोरं पाठ करतात. नानीच्या चिठ्ठीवर ते जिवंत होऊन माझ्यासमोर आलं.

चुलीचं देणं

आता नानीकडं येऊ. चुलीच्या धुरानं नळ्या अरुंद झालेल्या. हवा आत कशीबशी जाते, बाहेर पडायला जास्त त्रास. त्यामुळं कार्बन डायऑक्साइड रोज थोडा थोडा मागं राहतो.

सीओपीडी म्हणजे विडी-सिगारेटवाल्यांचा आजार असं डॉक्टरसुद्धा फार वर्षं मानायचे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात यावर लेख लिहिला. त्यांचा अंदाज असा की सीओपीडीच्या २५ ते ४५ टक्के रुग्णांनी आयुष्यात कधीच तंबाखू ओढलेली नसते. जगात तंबाखू ओढणारे साधारण १०१ कोटी, आणि लाकूड, गोवऱ्या, पालापाचोळ्याचा धूर घेणारे ३०० कोटी. आमची नानी त्या तीनशे कोटींतली एक. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत घरोघर सिलिंडर आले, पण अंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतंय, हे आपल्याकडं कुठल्याही वस्तीवर सकाळी जाऊन बघा.

निरोगी माणसाच्या धमनीत कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० असतो, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. नानीचा बरा असतानाचा, मागच्या तपासणीतला, ६० होता. दीडपट. मग तिचं रक्त आंबट का झालं नव्हतं? कारण किडनी. महिनोन् महिने तिनं सोडा राखून ठेवला. आपला सोडा २४ च्या आसपास, नानीचा ३२. दोन्ही बाजू वाढल्या, प्रमाण जवळपास टिकलं, पीएच ७.३५. हद्दीच्या अगदी कडेला, पण आत.

म्हणजे वरून बघणाऱ्याला सगळं ठीक. नानी चालत होती, बोलत होती, नातवंडांना रागवत होती. पण हाताशी शिल्लक काही नव्हतं. कर्ज काढून चालवलेल्या संसारासारखं, रोजचं भागतं, पण एक पाऊस चुकला की संपलं.

वाढलेला सोडा डॉक्टरांनाही एकदा फसवून गेलाय. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण ब्लेगडॅम हॉस्पिटलात येत होते. त्यांच्या रक्तात बायकार्बोनेट फार वाढलेलं दिसे. डॉक्टरांना वाटलं, रक्त अल्कधर्मी झालंय, काहीतरी अनोळखी भानगड आहे. ब्यर्न इब्सेन नावाचे भूलतज्ज्ञ म्हणाले, उलटं आहे. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही म्हणून तो साचलाय आणि रक्त आम्लधर्मी झालंय. त्यांनी गळ्यात छिद्र करून नळी घातली आणि हातानं फुगा दाबून श्वास दिला. मग सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रात्रंदिवस फुगे दाबले. अतिदक्षता विभाग, ज्याला आपण आयसीयू म्हणतो, त्याची सुरुवात तिथली मानतात. चिठ्ठीवरचा एकच आकडा वाचून चालत नाही, हा त्यातला धडा.

नॉब फिरवल्यावर काय झालं

आता मी पाचावर नेलेल्या नॉबचा हिशोब.

पहिली गोष्ट. आजारी फुप्फुसाचे काही भाग हवेच्या दृष्टीनं बंद पडल्यासारखे असतात. शरीर हुशार असतं, जिथं ऑक्सिजन कमी तिथल्या रक्तवाहिन्या आवळून रक्त चांगल्या भागाकडं वळवतं. मी ऑक्सिजन भरपूर सोडला, त्या बंद भागातही थोडा पोचला, आवळलेल्या वाहिन्या सैल झाल्या. रक्त परत तिकडं वाहू लागलं. पण तिथली हवा काही हलत नाही. त्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड तसाच परत आला.

दुसरी गोष्ट, ट्रॉली. रक्तात ऑक्सिजन गच्च भरला की हिमोग्लोबिन आयन आणि कार्बन डायऑक्साइड सोडून देतं. हाच तो १९१४ चा हॉल्डेन परिणाम. निरोगी माणूस जरा जोरात श्वास घेऊन तो सुटलेला वायू बाहेर टाकतो. नानीला ते जमत नाही. सुटलेला माल रक्तातच फिरत राहिला.

तिसरी गोष्ट. अशा रुग्णांचा मेंदू वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडला थोडा सरावलेला असतो, आणि ऑक्सिजन कमी असण्याची टोचणी त्यांना श्वासाला मदत करत असते. ती टोचणी गेली की श्वास जरा मंदावतो. पूर्वी हेच एकमेव कारण सांगायचे. आता पहिली दोन कारणं जास्त महत्त्वाची मानतात.

सकाळच्या चिठ्ठीवर कार्बन डायऑक्साइड होता ८४. सोडा ३४. पीएच ७.२३. वीसास एक हे प्रमाण साडेतेरास एक झालं होतं. किडनीला सोडा वाढवायला दिवस लागतात, आणि मी तिला एक रात्र दिली होती.

कार्बन डायऑक्साइड मेंदूत सहज शिरतो. तिथं तो साचला की आधी डोकं दुखतं, मग गुंगी, हाताचे पंजे फडफडणं, मग बेशुद्धी. आम्ही जिला शांत झोप समजलो ती झोप नव्हतीच.

आणि ऑक्सिमीटर? तो खोटं बोलत नव्हता. तो फक्त हिमोग्लोबिनचा रंग बघतो, त्यावर ऑक्सिजन किती बसलाय एवढंच सांगतो. कार्बन डायऑक्साइड त्याला दिसत नाही. आम्ही त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यानं बरोबर दिलं. आमचा प्रश्नच अर्धा होता.

मग करायचं काय

घाबरून ऑक्सिजन बंद करू नका, हे सगळ्यात आधी. ऑक्सिजन कमी पडला तर माणूस आणखी लवकर जातो. आणि चढवलेला ऑक्सिजन एकदम काढला तर आकडा आधीपेक्षाही खाली कोसळू शकतो. आमच्या डॉक्टरांनीसुद्धा काढला नाही, मापात आणला. सीओपीडीच्या ज्या रुग्णांना कार्बन डायऑक्साइड साचायचा धोका आहे त्यांच्यासाठी माप साधारण ८८ ते ९२. टास्मानियात ४०५ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. सीओपीडीचा ॲटॅक समजून ॲम्ब्युलन्समध्ये घेतलेले रुग्ण. ज्यांना सरसकट जोरात ऑक्सिजन दिला त्यांच्यात ९ टक्के दगावले, ज्यांना ८८ ते ९२ च्या मापात दिला त्यांच्यात ४ टक्के. फरक नॉबचा.

हे माप सगळ्यांसाठी नाही. न्यूमोनिया झालेल्या धडधाकट माणसाचं माप वेगळं. म्हणून आपल्या पेशंटचं माप कोणतं हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, किती लिटर आणि किती टक्के. तो कागद मशीनला चिकटवा. रुग्ण दुसऱ्या दवाखान्यात नेताना तो कागद बरोबर न्या. ऑक्सिजन चालू असताना रुग्ण नको तेवढा झोपाळू वाटला, सकाळी डोकं धरून बसला, असंबद्ध बोलायला लागला, पंजे फडफडले, तर बोटावर ९७ असो की ९९, दवाखाना गाठा आणि सीओपीडी आहे हे दारातच सांगा.

आणखी एक. हा भाग तयार करताना माझ्या एका विद्यार्थ्यानं विचारलं, "सर, रक्त आंबट झालं तर मग खायचा सोडा पाजायचा का?" नाही. सोडा आम्लाला मारतो तेव्हा त्यातून परत कार्बन डायऑक्साइडच निघतो. भजी फुगतात ती त्यामुळंच. ज्याचं दारच बंद आहे त्याच्या घरात आणखी धूर करून काय मिळणार? इथं उपाय एकच, दार उघडणं. बायपॅप तेच करतं, दाबानं हवा आत-बाहेर करून साचलेला वायू काढतं.

नानीला मी हे सगळं तिच्या भाषेत सांगितलं. ट्रॉलीचं उदाहरण तिच्यासमोरच सुचलं, तिनं तीस वर्षं उसाची शेती केलीय. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी तू मळी भरायच्या ट्रॉलीत ऊसच भरून ठेवला व्हय." मी म्हटलं, होय नानी, तसंच.

नॉबवर आता एकाच्या खुणेपाशी पांढरी चिकटपट्टी लावलीय. कागद शेजारी भिंतीला. आणि अंघोळीच्या पाण्याची चूल घरातून काढून मागच्या अंगणात नेलीय, ते मात्र दहा वर्षं उशिरा.

तुमच्या घरात, भावकीत कुणाला सीओपीडी असेल आणि मशीन असेल, तर हा भाग त्यांच्यापर्यंत पोचवा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, नमस्कार.